चिकटवा, पण जरा जपून!

फोटोंचा अल्बम, मुलांची चिकटवही, हाताने बनवलेलं शुभेच्छापत्र… डिंकाच्या बाटलीकडे आपण कधी नीट पाहतच नाही. हाताला येईल ते लावतो आणि वीस वर्षांनी पस्तावतो.

गेल्या वर्षी बाबा गेले. दिवसकार्याच्या वेळी भिंतीवर लावायला त्यांचा तरुणपणीचा एखादा छान फोटो हवा होता. आईने कपाटातून मोठा अल्बम काढून दिला. जाड पुठ्ठ्याची पानं, त्यावर चिकट रेघा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा. पडदा उचलायचा, फोटो ठेवायचा, पडदा पुन्हा दाबायचा. नव्वदच्या दशकात असे अल्बम घरोघरी होते, लग्नात हमखास भेट म्हणून यायचे. आमच्या घरचे सगळे जुने फोटो त्यात लावायचं काम मी आणि भावाने एका मे महिन्याच्या सुट्टीत मोठ्या उत्साहाने केलं होतं.

मला हवा तो फोटो तिसऱ्या पानावर होता. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेले बाबा. मी नखाने कोपरा उचलला. निघेना. जरा जोर लावला आणि चर्रकन आवाज झाला. बाबांचा उजवा खांदा आणि कानाचा भाग पानालाच चिकटून राहिला. आई काही बोलली नाही. अल्बम मिटून म्हणाली, “राहू दे. आधारकार्डासाठी काढलेला आहे ना, तोच मोठा करून घेऊ.”

त्याच अल्बमच्या खिशात लग्न ठरल्यावर बाबांनी आईला लिहिलेलं पत्र होतं. घडीवर फाटलं म्हणून मी पाचवीत असताना त्याला पारदर्शक चिकटपट्टी लावून ‘दुरुस्त’ केलं होतं. आता ती पट्टी काकवीच्या रंगाची झाली आहे, शाई तिच्याखाली पसरली आहे आणि दुसऱ्या ओळीतला एक शब्द कुणालाच वाचता येत नाही. आईलाही तो आठवत नाही.

गंमत म्हणजे मी याच व्यवसायातली. ‘टाकाऊतून टिकाऊ’सारखे लेख लिहिताना ‘आता हे गोंदाने चिकटवा’ असं एक वाक्य टाकून मी कितीदा मोकळी झाले असेन! कोणता गोंद, ते कधीच लिहिलं नाही. आज ते लिहिते आहे.

किती दिवस टिकायला हवं?

दुकानात जाण्याआधी स्वतःला हा एकच प्रश्न विचारा. आकाशकंदील आठ-दहा दिवस टिकला की काम झालं. शाळेचं प्रोजेक्ट परीक्षेपर्यंत. वाढदिवसाचं शुभेच्छापत्र दोन-चार वर्षं. पण बाळाच्या पहिल्या वर्षाची चिकटवही, आजीच्या हातच्या पाककृतींचे कागद, लग्नाचे फोटो हे सगळं तुमच्या नातवंडांनी पाहावं असं तुम्हाला वाटत असतं. या दोन प्रकारच्या कामांना एकच बाटली वापरणं, ही आपली पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे ‘जितका घट्ट तितका चांगला’ हा समज. सुताराला ते बरोबर आहे. कागदाचं उलट असतं. पुरातन कागदपत्रांची निगा राखणारे तज्ज्ञ नेहमी असा गोंद निवडतात, जो पुढे गरज पडली तर सोडवता येईल. चिकटवण्याइतकाच सोडवण्याचा विचार आधी करायचा, हे ऐकल्यावर मला आमच्या अल्बमचं तिसरं पान आठवलं.

रोजच्या कामाचे गोंद

ज्याला आपण सरसकट ‘फेव्हिकॉल’ म्हणतो, तो पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट या कृत्रिम पदार्थाचं पाण्यातलं मिश्रण. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आला, तेव्हा सुतार मंडळी जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस उकळून वापरत. त्या कटकटीतून त्यांची सुटका झाली आणि हळूहळू ती बाटली आपल्या घरातही शिरली. लाकडासाठीचा दाट प्रकार वेगळा आणि कागदकामाचा वेगळा मिळतो, हे मात्र अनेकींना ठाऊक नसतं. जाड कार्डपेपर, पुठ्ठ्याची पेटी, मणी, टिकल्या, आइस्क्रीमच्या काड्या यांना हा गोंद उत्तम. सुकल्यावर पारदर्शक होतो, लवचीक राहतो.

त्याचा त्रास एकच, त्यात पाणी भरपूर असतं. पातळ कागदाला लावला की कागद फुगतो आणि सुकताना पापडासारखा वळतो. मुलं तर बाटली उलटी धरून पिळतातच! त्यांना जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा द्या आणि एक थेंब कडेपर्यंत ओढून पसरवायला शिकवा. चिकटवल्यावर वर मेणकागद ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. मेणकागद विसरू नका, नाहीतर पुस्तकही चिकटेल.

आणखी एक गोष्ट बाइंडरला पक्की माहीत असते, आपल्याला नसते. लाकडासारखीच कागदालाही रेष असते. जुनं वर्तमानपत्र उभं फाडून बघा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वाकडंतिकडं जातं. सरळ फाटतं ती कागदाची रेष. ओला झालेला कागद या रेषेला आडव्या दिशेने फुगतो. दोन कागद एकमेकांवर चिकटवताना दोघांची रेष एकाच दिशेला ठेवली, तर वळण्याचा निम्मा त्रास कमी होतो.

चिकटवहीत रोजची कात्रणं, तिकिटं, चॉकलेटचे कागद लावायचे असतील, तर गोंदाची कांडी सर्वांत सोयीची. जर्मनीच्या हेंकेल कंपनीने १९६९ मध्ये ती बाजारात आणली. कल्पना लिपस्टिकवरून सुचलेली, म्हणजे आपल्या पर्समधून निघालेली म्हणा ना! तिच्यात पाणी कमी, त्यामुळे कागद फुगत नाही आणि लहान मुलांचे कपडेही वाचतात. मात्र कडा नीट घासा. मध्यभागी चार फराटे मारले तर महिन्याभरात कोपरे उभे राहतात. टोपण उघडं राहिलेली, दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेली कांडी वापरू नका. जाड कार्डपेपर तिच्या भरवशावर सोडू नका.

बाटलीतला पिवळसर पातळ डिंक लिफाफ्यांपुरता ठीक. झाडाचा डिंक सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, पान वळवलं की तडकतो आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पुन्हा ओलसर होऊन समोरच्या पानाला चिकटतो. चिकटवहीत मी तरी तो वापरणार नाही.

उठावदार फुलं, फुलपाखरं लावायची असतील, तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी घ्या. तापवून वापरायच्या गोंदाची बंदूक हल्ली सगळ्यांना हवी असते. लेस, सुपाऱ्या, शंख, जाड फुलं यांना ती छान, पण कागदावर उंचवटा राहतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेली भेटवस्तू घरी पोहोचेपर्यंत सुटी झालेली असते. क्विलिंग करत असाल तर पांढरा गोंदच, पण टूथपिकच्या टोकाने. साडीचा काठ किंवा बाळाच्या झबल्याचा तुकडा पानावर लावायचा असेल तर गोंदाच्या फंदात पडूच नका. चार टाके घाला. कापडातून गोंद वर येऊन डाग पडतो आणि तो पुढे पिवळा होतो.

एका थेंबात चिकटणारा झटपट गोंद कागदाच्या कामाचा नाही. कागदात तो शोषला जातो, कडक होतो आणि पांढरट धूर सोडून आजूबाजूला डाग पाडतो. सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर इतका तापतो की चटका बसतो. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरकडे जा. मुलांच्या हाती ही ट्यूब आणि ती बंदूक दोन्ही देऊ नयेत, हे वेगळं सांगायला नको.

कुरडईचा चीक आणि संग्रहालयाची खळ

आता माझ्या आवडीचा भाग. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जुने कागद कशाने चिकटवतात, असं मी वाचायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी महागडं रसायन असेल. उत्तर निघालं खळ! गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ. जपानमध्ये चित्रांच्या गुंडाळ्या पिढ्यान्‌पिढ्या तिनेच जोडल्या जात आहेत. पाणी लावलं की अनेक वर्षांनीही ती मऊ होते आणि कागद सोडवता येतो.

आपल्या आज्या पतंग आणि कंदील मैद्याच्या खळीनेच चिकटवायच्या. पण मैद्यात सत्त्वाबरोबर गव्हातला चिवट प्रथिनांचा भागही असतो. त्यामुळे खळ पिवळी पडते आणि कसर, झुरळं तिच्यावर ताव मारतात. बाइंडर मंडळी त्यावर उपाय म्हणून खळीत मोरचूद घालतात. हिशेबाच्या वह्यांना ते चालून जात असेल, पण मोरचूद विषारी आहे आणि त्यातलं तांबं कागद लवकर जीर्ण करतं. फोटो किंवा पत्रं असलेल्या वहीत ते नको, आणि मुलं जिथे काम करतात तिथे तर अजिबात नको.

संग्रहालयवाले तो प्रथिनांचा भाग धुऊन काढतात आणि फक्त शुभ्र सत्त्व ठेवतात. ते कसं करतात, हे वाचताना मला हसूच आलं. कारण हेच तर आपण उन्हाळ्यात कुरडया करताना करतो. गहू भिजवायचे, वाटायचे, चोथा काढून टाकायचा आणि पाण्याच्या तळाशी बसलेला चीक घ्यायचा!

पुढच्या उन्हाळ्यात कुरडया घालाल तेव्हा वाटीभर चीक बाजूला काढा. तीन दिवस भिजल्याने त्यात आंबटपणा असतो आणि आम्ल हा कागदाचा शत्रू. म्हणून तो स्वच्छ पाण्यात कालवा, निवळू द्या, वरचं पाणी ओता. पाण्याला वास आणि आंबूसपणा राहणार नाही तोवर असं पाच-सहा वेळा करा. मग ताटात पसरून कडकडीत वाळवा आणि हवाबंद डब्यात भरून ठेवा. मीठ मात्र घालायचं नाही, हा सवयीचा हात आवरा. इतका खटाटोप नको असेल तर कॉर्नफ्लोअर घ्या. पकड थोडी कमी, पण घरच्या चिकटवहीला पुरेशी.

एक चमचा सत्त्वाला पाच चमचे पाणी घेऊन अर्धा तास भिजू द्या. मंद आचेवर, शक्यतो दुसऱ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात भांडं ठेवून, सतत ढवळत शिजवा. आधी दुधाळ असतं, मग दाट होतं आणि वीस-पंचवीस मिनिटांत किंचित पारदर्शक, चकचकीत होतं. गार झाल्यावर बारीक गाळणीतून चमच्याने दाबून काढा, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. वापरताना पाणी घालून सायीइतकी पातळ करा आणि मऊ ब्रशने अगदी कमी लावा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते. आंबट वास आला, पाणी सुटलं, की टाकून द्या. एका वेळी वाटीभर करून ठेवण्याचा मोह नको.

पावसाळ्यात हे काम हातात घेऊ नका. नागपूर-इंदूरच्या कोरड्या हवेत खळ दोन तासांत सुकते, तर मुंबईत जुलैमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते.

फोटोला ओलं लावू नका

एवढं कौतुक केल्यावर सांगते, फोटोला ही खळसुद्धा नको. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो फुगतो, मऊ होतो आणि समोर जे असेल त्याला चिकटतो.

जुन्या कृष्णधवल फोटोंची गोष्ट तर आणखी नाजूक. त्यातली प्रतिमा खरोखरच चांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी बनलेली असते. चांदीच्या वाट्या रबर लावून ठेवल्या तर काळ्या पडतात, हे आपण सगळ्या जाणतो. रबर सोल्युशनने चिकटवलेल्या फोटोचं नेमकं तेच होतं. रबरातलं गंधक चांदीला लागतं आणि चेहऱ्यांवर तपकिरी डाग येतात. पूर्वी वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत पानं जुळवायला रबर सोल्युशन सर्रास वापरत, कारण ते चुकलं तर सोडवता येई. पण तो कागद एका दिवसाचा होता, आपला फोटो नाही.

मग करायचं काय? आजीचा काळ्या पानांचा अल्बम आठवा. फोटोला कुठेच गोंद नसे. चार कोपऱ्यांना चार त्रिकोणी खिसे, फोटो त्यात अलगद अडकवलेला आणि दोन पानांमध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. ही पद्धत आजही सर्वांत चांगली आहे. कोपरे विकत मिळतात, घरीही होतात. चांगल्या पांढऱ्या कागदाची दोन सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. तिची दोन्ही टोकं मध्यापासून खाली अशी दुमडा की वर काटकोनी टोक तयार होईल. खाली लोंबणारा भाग कापून टाका. दुमडलेली बाजू मागे ठेवून तिलाच खळ किंवा कांडीचा गोंद लावा आणि सुकल्यावर फोटोचा कोपरा आत सरकवा. असं केलं की गोंद पानाला लागतो, फोटोला नाही. उद्या फोटो हवा असेल तर एका सेकंदात बाहेर.

बाजारातल्या वस्तूंवर ‘अॅसिड-फ्री’ असं छापलेलं असतं. ते चांगलंच, पण फोटोसाठी पुरेसं नाही. फोटोजवळ ठेवायच्या कागद-गोंदांची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आयएसओ १८९१६. गोंद आणि फोटोचा नमुना एकत्र उष्ण, दमट हवेत ठेवून डाग पडतो का, हे त्यात बघतात. वेष्टनावर तिचा उल्लेख दिसला तर निर्धास्त घ्या. नसेल तर घरी एक साधी परीक्षा करा. पांढऱ्या कागदावर गोंदाचा पट्टा ओढा, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. उघडा भाग पिवळा पडला तर तो गोंद कंदिलाला ठेवा.

वर्तमानपत्राचं कात्रणही मूळ स्वरूपात फोटोजवळ लावू नका. तो कागद मुळातच आम्लयुक्त, स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पाडतो. चांगल्या कागदावर त्याची छायाप्रत काढून ती लावा.

मार्क ट्वेनलाही चिकटवह्यांचं वेड होतं बरं का! डिंकाच्या बाटलीला कंटाळून त्याने पानांवर आधीच डिंकाचे पट्टे असलेली चिकटवही शोधून काढली. पाणी लावायचं की चिकटवायचं. १८७३ मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं आणि ती चांगली खपलीही. १८९६ मध्ये तो मुंबईला आला होता. आमच्या अल्बमच्या चिकट रेघांचं मूळ कुठे आहे, ते मला तेव्हा कळलं.

ती पारदर्शक पट्टी

फाटलेलं दिसलं की आपला हात चिकटपट्टीकडे जातो. तिच्यावरचा गोंद आधी पिवळा होतो, मग पातळ होऊन कागदाच्या आत उतरतो. कागद तेलकट, आरपार दिसायला लागतो. शेवटी वरचं प्लॅस्टिक गळून पडतं आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. ही चूक फक्त पाचवीतल्या मुलीच करतात असं नाही. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांचे तुकडे १९५० च्या दशकात जेरुसलेममधल्या विद्वानांनी चिकटपट्टीनेच जोडले होते. त्या पट्ट्यांचा अंश काढण्यासाठी १९९१ मध्ये खास प्रयोगशाळा सुरू झाली आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं. हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

फाटलेल्या पत्राला पातळ पण चिवट कागदाची, कात्रीने न कापता हाताने फाडलेली अरुंद पट्टी खळीने मागच्या बाजूने लावा. आधी पत्राच्या कोपऱ्यातल्या एखाद्या अक्षरावर ओला कापूस टेकवून शाई फुटत नाही ना, ते बघा. फुटत असेल तर काहीच लावू नका, पत्र नुसतं चांगल्या कागदाच्या पाकिटात ठेवा. आणि कृपा करून जुनी पत्रं, फोटो लॅमिनेट करायला देऊ नका. गरम प्लॅस्टिकमध्ये एकदा बंद झालेला कागद परत मोकळा होत नाही.

अडकलेला फोटो सोडवताना

तुमच्याकडेही चिकट पानांचा जुना अल्बम असेल, तर आजच उघडा. सगळ्यात आधी प्रत्येक पानाचा मोबाइलने सरळ वरून, खिडकीच्या उजेडात फोटो काढा. प्लॅस्टिकची चकाकी येत असेल तर पडदा हळूच उचलून काढा. पुढे काही बिघडलं तरी चेहरा हाती राहील. मी हेच केलं नव्हतं.

मग दात साफ करायचा मेणाचा दोरा घ्या. तो फोटोच्या एका कोपऱ्यामागे घाला, दोन्ही हातांत ताणून धरा आणि करवतीसारखा सावकाश पुढे-मागे न्या. दोरा पानाला चिकटून चालवा, फोटोला टेकवून नाही. फोटो वाकवायचा नाही, ओढायचा तर नाहीच. हेअर ड्रायरची गरम हवा देण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी देणार नाही, उष्णतेने फोटोचा थरही मऊ होतो. दोरा अडला तर थांबा. फोटोभोवतीचं पान कापून पुठ्ठ्यासकट फोटो बाजूला काढा आणि तसाच पाकिटात ठेवा.

आईच्या अल्बममधले एकशे बारा फोटो होते. दिवाळीपासून दर रविवारी थोडे थोडे करत एक्याऐंशी सोडवले. नऊ पुठ्ठ्यासकट कापून घेतले. बाकीचे अजून पानांवर आहेत, त्यांना पावसाळा संपेपर्यंत हात लावणार नाही. बाबांच्या फोटोचा सुटलेला तुकडा एका फोटो दुरुस्त करणाऱ्याने संगणकावर जुळवून दिला. कान ओळखू येतो. मूळ फोटो आणि तो तुकडा मात्र एकाच पाकिटात ठेवले आहेत. पत्राची पट्टी मी काढलेली नाही, ते काम जाणकाराकडेच द्यायचं आहे. आई अधूनमधून ते पत्र उजेडात धरून तो शब्द काय असेल याचा अंदाज बांधत बसते. परवा म्हणाली, “बहुतेक ‘लवकर’ असेल.”